संघ बंगलोरला गेला

माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे अण्णाने, सत्तावीस वर्षांचा असताना बास्केटबॉल सोडला तो कायमचा. का सोडला याचं कारण तो एक सांगायचा आणि मला दुसरं माहीत होतं. आता लिहायला हरकत नाही. ज्यांच्यापासून लपवायचं ती माणसं गेली, आणि माझ्या नोकरीला धक्का लागायचा तर नोकरी सुटूनही जमाना झाला.

भाषावार राज्यं झाली त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. मी जॉर्ज टाउनमधल्या एका केंद्र सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. खात्याचं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं होणार नाही. त्या खात्याच्या दिल्लीतल्या वरिष्ठांच्या मनात आलं की आपला एक बास्केटबॉल संघ असावा, आणि तो हौशी नको, पगारी हवा. त्या काळी खेळण्याचा पगार घ्यायला लोक लाजत. म्हणून कागदावर नेमणूक कारकुनाची, पण काम सकाळ-संध्याकाळ चेंडू खेळायचं. संघ कुठल्या शहरात ठेवायचा हे ठरवायला तीन अधिकाऱ्यांची समिती झाली आणि त्यांच्यापुढे तीन शहरं ठेवली गेली: सिकंदराबाद, बंगलोर आणि मद्रास. बारा खेळाडूंपैकी आठ जण ज्या शहरात संघ राहील तिथलेच घ्यायचे, उरलेले चार बाहेरून, चाचणी घेऊन. वय अठ्ठाविसाच्या आत हवं. अण्णाला अठ्ठावीस पुरी व्हायला आठ महिने उरले होते.

अण्णा तेव्हा जॉर्ज टाउनमध्येच कागदाच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे होता. दिवसभर रिमं मोजायची, गोण्यांवर पत्ते लिहायचे. ते काम तो एखाद्याने चप्पल घालावी तसं करायचा, त्यात त्याचं लक्ष नसे. लक्ष सगळं एग्मोरच्या बाजूला एका शाळेमागे असलेल्या सिमेंटच्या मैदानावर. पहाटे उठून तो तिथे पळायचा, कारण आठ वाजल्यानंतर मद्रासच्या उन्हात त्या सिमेंटवर पाय ठेववत नसे. घरी यायचा तो गुडघे सोललेले आणि बनियन पिळून काढण्यासारखा. आमच्या घराण्यात इतकं उंच कुणी झालं नव्हतं. ट्रिप्लिकेनमधल्या एका मोठ्या घरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या पोर्शनची चौकट त्याच्या कपाळाला रोज लागे, आणि अम्मा रोज म्हणे, "वाकून ये रे, घर आपलं नव्हे, भाड्याचं."

खेळताना मी त्याला फार वेळा पाहिलं नाही. मुलींनी तिथे जाऊन उभं राहण्याची रीत नव्हती. पण जे पाहिलं ते विसरले नाही. घरात बुजून, अंग चोरून वावरणारा हा माणूस चेंडू हातात आला की कुणाची पर्वा करत नसे. सात नंबरचा बनियन घालायचा. मैदानाबाहेरचे रिक्षावाले, शेंगदाणेवाले सुद्धा "येळु, येळु" म्हणून ओरडायचे, म्हणजे तमिळमध्ये सात. त्याला आयुष्यात एवढं एकच हवं होतं, की मद्रासचा संघ व्हावा आणि त्यात आपण असावं. गावाबाहेर जाण्याचा विचार त्याला शिवला नव्हता असं नाही. पण अम्माला दमा होता, अप्पा निवृत्त झालेले होते, आणि घरात मिळवती माणसं दोनच, तो आणि मी. मद्रास ठरलं तर सगळंच साधणार होतं.

समिती आधी सिकंदराबाद, मग बंगलोर आणि शेवटी मद्रास पाहणार होती. तिचा दौऱ्याचा कार्यक्रम माझ्याच हातून टाईप झाला. तिघांची नावं वाचताना एका नावापाशी माझी बोटं थांबली. आडनाव चक्क मराठी, पत्ता पुण्याचा. त्या संध्याकाळी जेवताना मी घरी बोलून गेले, "तिघांतला एक आपला आहे हं, अप्पा. पुण्याचा."

हे वाक्य मी बोलले नसते तर पुढचं काही झालं नसतं. एवढ्या वर्षांत मी ते हजार वेळा गिळून पाहिलं आहे.

अप्पांविषयी सांगायला हवं. आम्ही तंजावरची मराठी माणसं. पूर्वज कधीतरी राजाच्या फौजेबरोबर दक्षिणेत आले आणि इथलेच झाले. अप्पांनी जन्मभर रजिस्ट्री कचेरीत दस्त नकलून काढले. गुंतकलच्या पलीकडे त्यांनी आगगाडीतून कधी पाऊल टाकलं नव्हतं. पण महाराष्ट्राला ते 'देश' म्हणायचे, आणि असं म्हणायचे जसं काही परवाच तिथून आलेत. 'सगळं'ला 'अस्की' म्हणणारी आमची मराठी ऐकून देशावरची माणसं ओठ दाबून हसतात हे मला कचेरीत कळलं होतं. अप्पांना कळलं नव्हतं आणि मी कळू दिलं नव्हतं. आमच्या लोकांत एक रीत होती. देशावरून कुणी मद्रासला आलं, मग ओळख असो वा नसो, त्याला हॉटेलात जेवू द्यायचं नाही. बोलावून आणायचं, पानावर बसवायचं, जाताना पहिल्या भेटीची वेष्टी, म्हणजे धोतर, आणि नारळ द्यायचा. आजोबांनी तसं केलं, अप्पांनी दोनदा केलं होतं. त्या पाहुण्यांची पत्रं पुढे कधी आली नाहीत ही गोष्ट वेगळी.

"देशावरला माणूस हॉटेलात जेवंल आणि आपण इथं बसून राहू?" अप्पा म्हणाले. "ते काय बेस दिसेल?"

"अप्पा, ते कामासाठी येताहेत," अण्णा म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "मी त्यांच्यापुढे खेळणार आहे. हे बरं नाही दिसायचं."

"तुझ्या खेळाचं मी एक अक्षर काढणार नाही. जेवणाचा आणि खेळाचा काय संबंध?"

अण्णाने माझ्याकडे पाहिलं. मी कचेरीत काम करणारी, असल्या गोष्टी मला कळायला हव्या होत्या. आणि खरं सांगते, मला कळतही होत्या. पण मनात कुठेतरी हेही होतं, की झाला थोडा ओळखीचा उपयोग तर झाला. मी गप्प बसले.

समिती आली त्या दिवशी ते पुण्याचे गृहस्थ माझ्या टेबलापाशी थांबले. माझं नाव पाहून म्हणाले, "अरे वा, तुम्ही मराठी?" मी दोन वाक्यं बोलले. ते हसले, पण त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. "तुमची मराठी ऐकून पोथी वाचल्यासारखं वाटतं," म्हणाले. सडपातळ, चष्मा, पांढरा बुशशर्ट, पन्नाशीच्या आतले. मला ते आवडले. अप्पा दुसऱ्याच दिवशी सकाळी स्नान करून, गंध लावून, ते उतरले होते त्या एग्मोरच्या विश्रामगृहाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. साहेब बाहेर गेले होते. अप्पा दुपारपर्यंत तिथेच बसून राहिले. सत्तरीच्या घरातल्या म्हाताऱ्याला उन्हात बसलेलं पाहून कुणीही नाही म्हणू शकलं नसतं. ते संध्याकाळी यायला कबूल झाले. आपण कुणाचे वडील आहोत हे अप्पांनी सांगितलं नव्हतं. दिलेला शब्द ते पाळत होते.

अम्माने दमा विसरून स्वयंपाक केला. पुरणपोळी, डांगर, दोन भाज्या, सांबार, मेतकूट. शेजारच्या पोर्शनमधून चांदीचा पेला मागून आणला. अण्णा घरी थांबणार नाही असं ठरलं होतं. त्याने मैदानावर जावं आणि साहेब गेल्यावर परतावं. पण त्या संध्याकाळी मैदानाची सफाई चालली होती, दुसऱ्या दिवशीच्या सामन्यासाठी, म्हणून सगळ्यांना लवकर घरी पाठवलं. अण्णा दारात आला, सवयीने कपाळ चौकटीला लागलं, आणि पानावर बसलेल्या साहेबांनी वर पाहिलं.

मी आत होते, बाहेर यायचं टाळत होते. पण अम्माला धाप लागली आणि तुपाची वाटी माझ्या हातात दिली. तेव्हा मीही बाहेर आले. एका बाजूला मी, दारात तो, आणि मधे अप्पा. इतका वेळ धरलेला त्यांचा धीर सुटला. अभिमानाने सुटला, लबाडीने नव्हे.

"हा आमचा थोरला," अप्पा म्हणाले. "उद्या तुमच्यापुढं खेळतो की. सात नंबर. आणि ही लेक तुमच्याच कचेरीत. अस्की तुमचीच माणसं बघा!"

साहेबांचा घास हातातच राहिला. त्यांनी अण्णाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मला तेव्हाही ओळखता आलं: सरळ माणूस चिखलात पाय पडल्यावर जसा खाली बघतो तसे ते पानाकडे बघत होते. मग त्यांनी पानावरचं सगळं संपवलं, एकही शीत न टाकता. हात धुतले. "जेवण उत्तम झालं," असं अम्माला सांगितलं. अप्पांनी तबकातून जरीकाठी वेष्टी, नारळ आणि पानसुपारी पुढे केली. त्यांनी सुपारीचं एक खांड उचललं, बाकी तबक दोन्ही हातांनी हळूच मागे सारलं आणि नमस्कार करून निघून गेले.

"किती निरिच्छ माणूस!" अप्पा म्हणाले. "देशावरली माणसं ही अशी."

अण्णा जेवला नाही.

दुसऱ्या दिवशीचा सामना मी पाहिला, कारण कचेरीतल्या सगळ्यांना अर्धी सुट्टी देऊन नेलं होतं. गर्दी अशी की शाळेच्या कठड्यांवर माणसं बसलेली. अण्णा तसं कधी खेळला नसेल. आदल्या संध्याकाळचा सगळा संताप त्याने चेंडूत घातला होता. पण शेवटच्या मिनिटाला त्याला दोन फ्री थ्रो मिळाले आणि त्याचा संघ एका गुणाने मागे होता. पहिला चेंडू कड्यावर आपटून बाहेर आला. दुसरा कड्यावर फिरला, थांबलासा वाटला आणि बाहेर पडला. समोरच्या संघाने, एका कॉलेजच्या पोरांनी, सामना जिंकला. अण्णा तिथेच, त्या रेषेवर, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. लोक निघून गेले तरी उभाच होता.

त्यानंतर समिती तीन दिवस आमच्याच कचेरीत बसून अहवाल लिहीत होती. मद्रास शेवटचं शहर, म्हणून अहवाल इथेच व्हायचा होता. कचेरीत इंग्रजी टायपिंग सर्वांत स्वच्छ माझं. समितीच्या अध्यक्षांनी मला आत बोलावलं आणि सांगितलं, हे गुप्त आहे, बाहेर गेलं तर जबाबदार तुम्ही. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. पुण्याचे साहेब खिडकीशी बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. आज वाटतं, हे काम मला देऊ नका असं ते म्हणू शकले असते. कदाचित मला वाचायला मिळावं असंच त्यांना वाटलं असेल. मला माहीत नाही.

मैदान, प्रेक्षक, रेल्वेची सोय, राहण्याची जागा, हवामान, अशा एकेका बाबीवर तिन्ही शहरांची तुलना होती. हवामान सोडलं तर सगळ्यांत मद्रास वर. मी टाईप करत गेले आणि मद्रास ठरलं असंच धरून चालले. मग एक परिच्छेद आला. समितीच्या एका सदस्याने स्वतःहून कळवलं होतं, की मद्रासमधल्या एका उमेदवाराच्या कुटुंबाने, जे त्यांच्याच भाषेचं आहे, त्यांना खाजगीरीत्या घरी नेलं. त्याच कुटुंबातली एक व्यक्ती या कचेरीत नोकरीला आहे. अशा स्थितीत मद्रास निवडल्यास भाषेचा पक्षपात झाला असा आक्षेप येईल आणि तो खोडून काढता येणार नाही. सबब बंगलोर. सामना हरल्याचा, फ्री थ्रोचा, एका शब्दाने उल्लेख नव्हता. आणि खाली शेवटच्या पानावर, बाहेरून चाचणीला बोलवायच्या खेळाडूंच्या यादीत, पहिलं नाव अण्णाचं. तिन्ही शहरांत पाहिलेला सर्वोत्तम खेळाडू, असं लिहिलं होतं.

मूळ प्रत आणि चार कार्बन मी जुळवून दिल्या. एकही खाडाखोड नव्हती. अध्यक्षांनी शाबासकी दिली.

निकाल तीन आठवड्यांनी जाहीर झाला. अण्णाने ऐकलं, मान हलवली आणि अम्माच्या उशाशी जाऊन बसला. "माझ्यामुळं गेलं," तो म्हणाला. "दोन साधे चेंडू. लहान पोर टाकील. अस्की मद्रास बघत होती आणि मी घालवलं." अप्पा त्याची पाठ थोपटत म्हणाले, "पर्वा इल्ल रे, जाऊ दे. तो देव माणूस होता, त्यानं केलं असतं काहीतरी, पण तूच चुकलास त्याला तो काय करणार?" मी तिथेच दळलेलं पीठ चाळत होते. चाळत राहिले.

का नाही बोललात, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तरं तयार होती. कागद गुप्त होता. नोकरी गेली असती. अप्पांना कळलं असतं की आपल्या पुरणपोळीने पोराचं वाटोळं केलं, तर ते त्याच महिन्यात गेले असते. ही सगळी उत्तरं खरी आहेत. पण आणखी एक उत्तर होतं, ते मी स्वतःलाही फार उशिरा दिलं.

महिन्याभराने बंगलोरहून अण्णाला पत्र आलं. अमुक तारखेला चाचणीसाठी हजर राहावं, जायचा-यायचा पास सोबत. त्याने ते दोनदा वाचलं. मला वाटलं आता याच्या तोंडावर हसू फुटेल. तो म्हणाला, "दया करतात बघ. त्या साहेबांनी जेवणाची फेड केली. एवढ्या लोकांसमोर दोन चेंडू घालवले, तरी बोलावतात. मी नाही जायचा."

"जा की," मी म्हटलं. एकदाच म्हटलं, आणि हळू.

"काय तोंडानं जाऊ?"

त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. तुझं नाव यादीत पहिलं होतं, एवढंच. अप्पांचं नाव घ्यायची गरज नव्हती, जेवणाचं काढायचं कारण नव्हतं. खातं मला पकडू शकलं नसतं. भाऊ बहिणीचं नाव सांगणार नव्हता. पण तेव्हा माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, कुंभकोणमच्या एका घराशी. अण्णा बंगलोरला गेला असता तर दमेकरी आई आणि म्हातारे वडील माझ्या गळ्यात पडले असते, आणि त्या घरच्यांनी तोंड फिरवलं असतं. असं मी तेव्हा शब्दांत मांडलं नाही. फक्त तोंड उघडलं नाही. अण्णाने नकाराचं पत्र लिहून दिलं आणि म्हणाला, इंग्रजी नीट करून टाईप करून आण. मी दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत ते टाईप केलं. तेही स्वच्छ.

ते आठ महिने निघून गेले, त्याचं वय संपलं. माझं लग्न झालं. अण्णा कागदाच्या दुकानात राहिला, हळूहळू पाठीतून वाकला. एग्मोरला जायचं असलं तर मैदान लागणार नाही अशा रस्त्याने लांबून जायचा. बंगलोरच्या संघाच्या बातम्या वर्तमानपत्रात येत, तेव्हा तो ते पान बाजूला काढून अम्माला औषधाच्या पुड्या बांधायला द्यायचा. त्याने लग्न केलं नाही. अम्मा गेली, आणि त्यानंतर तीन वर्षांनी अप्पा.

अप्पांचं तेरावं झालं त्या दुपारी पाहुणे गेले आणि आम्ही दोघेच उरलो. अण्णा जमिनीवर बसून उरलेली पत्रावळीची पानं गोळा करत होता. चौतीस-पस्तिशीचा माणूस, पण पन्नाशीचा दिसत होता. मला वाटलं, आता कुणाला दुखवायचं उरलं नाही. आता सांगून टाकावं, त्याचं ओझं उतरेल. माझंही उतरेल, हे मनात आधी होतं.

मी सगळं सांगितलं. तो परिच्छेद सांगितला, जेवणाचं सांगितलं, फ्री थ्रोचा उल्लेखही नव्हता हे सांगितलं. यादीत पहिलं नाव कुणाचं होतं तेही सांगितलं. शब्द न् शब्द मला पाठ होता. त्याचे हात पानांवर थांबले. अप्पांविषयी तो चकार शब्द बोलला नाही. मला वाटलं, रडेल. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाले.

"हे तूच टाईप केलंस?" त्याने विचारलं.

"हो."

तो थोडा वेळ मनात काही जुळवत राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात, लहानपणी मला गणित घालून उत्तर मागायचा तसं विचारलं, "म्हणजे बंगलोरचं पत्र यायच्या आधी?"

"हो, अण्णा," मी म्हटलं. "आधी."